पन्नाशीला संपलेला परवाना, इन्सुलिन आणि नाकारलेला दावा : नाशिकमधील एक प्रकरण अभ्यास

नाशिकच्या इंदिरानगर भागात राहणारे आणि पिंपळगाव बसवंत येथे द्राक्षबागांच्या औषधांचे व खतांचे दुकान चालवणारे एक गृहस्थ यांच्याबाबत घडलेले हे प्रकरण आहे. त्यांच्या व त्यांच्या पत्नीच्या संमतीने ते लिहीत असून ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. मी नाशिकमध्ये वाहन विम्याचे काम करतो. त्यांच्या मोटारीची पॉलिसी माझ्यामार्फत घेतलेली असल्याने अपघातानंतरच्या सगळ्या कागदपत्रांत मी पहिल्या दिवसापासून होतो. मधुमेह असलेल्या चालकांच्या मनात परवाना आणि विमा यांविषयी जी धास्ती असते, ती नेमके कोठे नुकसान करते, हे या एका प्रकरणात इतके स्पष्ट दिसले की ते सविस्तर नोंदवणे मला आवश्यक वाटले. माझे म्हणणे आधीच सांगतो. या गृहस्थांचे विमा संरक्षण मधुमेहामुळे गेले नाही. मधुमेह कोणाला तरी सांगावा लागेल या भीतीपोटी त्यांनी परवाना संपू दिला, म्हणून ते गेले.

अपघाताच्या वेळी त्यांचे वय ५० होते आणि टाईप २ मधुमेहाला १४ वर्षे झाली होती. सकाळ-संध्याकाळ ३०/७० प्रकारचे मिश्र इन्सुलिन, सोबत ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या गोळ्या, तसेच रक्तदाबासाठी मेटोप्रोलॉल, अशी त्यांची औषधे होती. रोज सकाळी स्वतः मोटार चालवत मुंबई-आग्रा महामार्गाने आडगाव, ओझर असे पिंपळगावला जायचे आणि रात्री परत यायचे, हा त्यांचा अनेक वर्षांचा क्रम होता. या सगळ्या काळात त्यांच्याकडून एकही अपघात झालेला नव्हता.

घटना

तो कार्तिकी एकादशीचा दिवस होता. द्राक्षबागांची ऑक्टोबर छाटणी उरकलेली असते, कोवळ्या फुटीवर डावणी हा बुरशीचा रोग येण्याची भीती असते आणि औषधांच्या दुकानांत शेतकऱ्यांची रीघ लागलेली असते, असा तो हंगाम. त्यांनी सकाळी नेहमीच्या मात्रेत इन्सुलिन घेतले, ग्लिमेपिराइडची गोळीही घेतली. पत्नीने केलेली साबुदाण्याची खिचडी दुकानात जाऊन खाऊ, असे म्हणून त्यांनी ती डब्यात घेतली आणि केवळ चहा पिऊन ते निघाले. मिश्र इन्सुलिनमधील जलद काम करणारा भाग घेतल्यावर जेवण लांबवता येत नाही, हे त्यांना माहीत होते. मात्र उपवासाच्या दिवशी मात्रा किती कमी करायची, हे त्यांनी डॉक्टरांना कधी विचारले नव्हते आणि डॉक्टरांकडूनही तो विषय निघाला नव्हता. मधुमेहाच्या उपचारांवर बोलताना आपल्याकडे चतुर्थी, एकादशी, श्रावणी सोमवार आणि नवरात्र यांचा हिशेब क्वचितच मांडला जातो, आणि तो मांडला जायला हवा, असे मला अगदी मनापासून वाटते.

ओझर ओलांडल्यानंतर त्यांची मोटार हळूहळू डावीकडे सरकत गेली आणि रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या, टोमॅटोचे क्रेट भरलेल्या पिकअपच्या मागच्या बाजूवर आदळली. वेग फार नव्हता. पिकअपचा चालक जवळच्या टपरीवर होता, म्हणून कोणाला इजा झाली नाही. जमलेल्या लोकांना ते घामाने डबडबलेले, अडखळत बोलणारे आणि प्रश्नांना विसंगत उत्तरे देणारे दिसले. ते प्यायलेले आहेत, असाच सर्वांचा समज झाला. पोलिसांनी श्वास तपासणी केली, तेव्हा मद्याचा अंश आढळला नाही. जमावातील एका शेतकऱ्याच्या घरी मधुमेहाचा रुग्ण होता. त्याने खिशातील इन्सुलिन पेन पाहिले आणि त्यांना रुग्णालयात नेण्याचा आग्रह धरला. तेथे पोहोचल्यावर रक्तातील साखर प्रति डेसिलिटर ४६ मिलिग्रॅम भरली. शिरेतून ग्लुकोज दिल्यानंतर ते पूर्ण भानावर आले. घरून निघाल्यानंतर कोठपर्यंतचे आठवते, असे विचारल्यावर त्यांना आडगावपर्यंतचेच आठवत होते.

७० मिलिग्रॅमच्या खाली साखर गेली की तिला हायपोग्लायसेमिया म्हणतात, ५४ च्या खालची पातळी गंभीर मानली जाते आणि दुसऱ्याच्या मदतीवाचून सावरता येत नाही अशी अवस्था सर्वांत गंभीर. साखर उतरू लागली की शरीर हात थरथरणे, छातीत धडधडणे, घाम येणे, भूक लागणे अशा खुणा देते. मेटोप्रोलॉलसारख्या बीटा ब्लॉकर औषधाने थरथर आणि धडधड दबते, घाम तेवढा राहतो. शिवाय वारंवार साखर उतरत राहिली की शरीराच्या या खुणा बोथट होत जातात. अपघातानंतर बोलताना त्यांच्या पत्नीने सांगितले की मागच्या काही महिन्यांत दोनदा पहाटे ते घामाघूम होऊन बरळत होते आणि दोन्ही वेळा तिने साखरेचे पाणी पाजले होते. ही गोष्ट त्यांनी डॉक्टरांच्या कानावर घातली नव्हती. वैद्यकीय दृष्ट्या आणि कायद्याच्या दृष्टीनेही हे दोन प्रसंग या प्रकरणातील सर्वांत महत्त्वाचे आहेत, त्याचे कारण पुढे येईल.

दावा कशावर अडला

मोटारीचा पुढचा भाग, रेडिएटर आणि एक चाक निकामी झाले होते. सर्वसमावेशक पॉलिसी चालू होती, हप्ता वेळेवर भरलेला होता, त्यामुळे दावा दाखल झाला आणि सर्वेक्षक येऊन गेला. दाव्याच्या अर्जासोबत परवान्याची प्रत जोडायची असते. ती पाहताच अडचण उघड झाली. परवान्याची मुदत अपघाताच्या दोन महिने आधी, त्यांच्या पन्नासाव्या वाढदिवशी संपलेली होती.

ही तारीख योगायोगाने आलेली नाही. मोटार वाहन कायदा १९८८ मधील जुन्या तरतुदीनुसार खासगी वाहनाचा परवाना २० वर्षे किंवा वयाची ५० वर्षे पूर्ण होईपर्यंत, यांपैकी जे आधी येईल तोपर्यंत वैध असे. त्यामुळे २०१९ च्या दुरुस्तीपूर्वी परवाना घेतलेल्या आणि आज पन्नाशीत प्रवेश करणाऱ्या असंख्य लोकांच्या परवान्यावर पन्नासावा वाढदिवस हीच शेवटची तारीख छापलेली आहे. टाईप २ मधुमेहात गोळ्या अपुऱ्या पडून इन्सुलिन सुरू होण्याचा काळही बऱ्याच जणांच्या बाबतीत याच वयाच्या आसपासचा असतो. मुदत संपल्यानंतरही परवाना ३० दिवस चालतो, ही समजूत अजून सर्रास आढळते. पूर्वी ती बरोबर होती. २०१९ च्या दुरुस्तीने ती सवलत काढून टाकली. आता मुदत संपण्यापूर्वी एक वर्ष ते संपल्यानंतर एक वर्ष या काळात नूतनीकरणाचा अर्ज करता येतो, पण नूतनीकरण ज्या दिवशी होते त्या दिवसापासूनच ते लागू होते. मधला काळ भरून निघत नाही.

पॉलिसीच्या चालकविषयक अटीत असे म्हटलेले असते की अपघाताच्या वेळी गाडी चालवणाऱ्या व्यक्तीकडे प्रभावी परवाना असला पाहिजे आणि ती व्यक्ती परवाना धारण करण्यास अपात्र ठरलेली नसली पाहिजे. या अटीच्या आधारे विमा कंपनीने गाडीच्या नुकसानीचा दावा लेखी पत्राने नाकारला. त्या पत्रात मधुमेह, इन्सुलिन किंवा हायपोग्लायसेमिया यांचा शब्दानेही उल्लेख नव्हता, हे मी कुटुंबाला पुन्हा पुन्हा दाखवले. रुग्णालयाची कागदपत्रे कंपनीकडे होती. तरीही आजार हा नकाराचा आधार बनला नाही.

कंपनीच्या तक्रार निवारण विभागाकडे अर्ज केला, तेथेही निर्णय कायम राहिला. पुढची पायरी विमा लोकपालाची, म्हणजे विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याची होती. नाशिक जिल्हा पुण्याच्या विमा लोकपालांच्या कक्षेत येतो आणि कंपनीच्या अंतिम उत्तरानंतर एका वर्षाच्या आत तेथे विनाशुल्क तक्रार करता येते. अमलेंदू साहू विरुद्ध ओरिएंटल इन्शुरन्स या २०१० च्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पॉलिसीच्या अटीचा भंग झालेला असतानाही ७५ टक्के रक्कम देण्याचा मार्ग मान्य केला होता, याकडे एका परिचित वकिलांनी आमचे लक्ष वेधले. पण त्या प्रकरणात भंग झाला होता तो वाहनाच्या वापराविषयीच्या अटीचा. येथे चालवणाऱ्याचा परवानाच प्रभावी नव्हता. या फरकामुळे लोकपालाकडे जाण्यात फारसा अर्थ नाही, असे माझे मत मी त्यांना सांगितले आणि विचारांती त्यांनी ते स्वीकारले. दुरुस्तीचा खर्च त्यांनी स्वतः केला. पिकअपच्या मालकाशी आणि माल पाठवणाऱ्या शेतकऱ्याशी भरपाईचा समझोता झाला. वैध परवान्यावाचून गाडी चालवल्याबद्दल कलम १८१ खाली ५,००० रुपये दंडही भरावा लागला.

पिकअपमध्ये माणूस असता तर काय झाले असते, हा प्रश्न त्यांच्या पत्नीने विचारला. जखमी व्यक्तीच्या बाबतीत कायद्याचा कल वेगळा आहे. नॅशनल इन्शुरन्स विरुद्ध स्वर्ण सिंग या २००४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की परवान्यातील त्रुटीचा भार तिऱ्हाईत पीडितावर पडू नये. विमा कंपनीने आधी भरपाई द्यावी आणि अटीचा भंग मालकाकडून झाल्याचे सिद्ध झाल्यास ती रक्कम त्याच्याकडून वसूल करावी. म्हणजे पीडिताला पैसे मिळाले असते, पण अखेर ती रक्कम दुकानाच्या भांडवलातून गेली असती. अपघातातील मृत्यूची किंवा कायमच्या अपंगत्वाची भरपाई किती लाखांत जाते, हे ज्यांनी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणातील निकाल पाहिले आहेत त्यांना सांगण्याची गरज नाही.

त्याहून मोठा धोका त्यांच्या स्वतःच्या जिवाविषयीच्या संरक्षणात होता. वाहनमालक-चालकासाठी १५ लाख रुपयांचे सक्तीचे वैयक्तिक अपघात संरक्षण त्यांच्या पॉलिसीत होते. त्यासाठीही अपघाताच्या वेळी प्रभावी परवाना असणे ही अट आहे. आणि या संरक्षणाच्या अपवादांत एक वाक्य आहे, जे मधुमेह असलेल्या प्रत्येक चालकाने वाचले पाहिजे : हेतुपुरस्सर केलेली इजा, आत्महत्येचा प्रयत्न, शारीरिक दोष किंवा दुर्बलता यांमुळे प्रत्यक्ष अथवा अप्रत्यक्षपणे झालेल्या मृत्यूची किंवा इजेची भरपाई दिली जाणार नाही. साखर उतरल्याने झालेला अपघात ‘शारीरिक दुर्बलते’त बसतो, असा युक्तिवाद कंपनी करू शकते, तो टिकेल की नाही हे त्या-त्या प्रकरणाच्या पुराव्यावर ठरेल. पण ज्या कुटुंबाची सारी भिस्त त्या १५ लाखांवर असेल, त्याला या वाक्याची माहिती आधी असणे न्याय्य आहे. तिऱ्हाईतांसाठीच्या सक्तीच्या विम्यात किंवा गाडीच्या नुकसानीच्या भागात मधुमेहाचा असा अपवाद नाही.

परवाना का संपू दिला

येथपर्यंतची हकीकत ऐकणारा कोणीही म्हणेल की हा साधा निष्काळजीपणा होता. तो तसा नव्हता, म्हणून या भागावर थांबणे मला महत्त्वाचे वाटते.

वाढदिवसाच्या आधीच त्यांनी परवान्यांच्या सरकारी ‘सारथी’ संकेतस्थळावर नूतनीकरणाचा अर्ज उघडला होता. वयाची ४० वर्षे पूर्ण झालेल्या अर्जदाराला डॉक्टरांनी सही केलेले फॉर्म १-ए हे वैद्यकीय प्रमाणपत्र लागते, हे तेथे त्यांना कळले. बाजार समितीच्या आवारात आणि दुकानात बसणाऱ्या मंडळींपैकी कोणी सांगितले की इन्सुलिन चालू आहे म्हटल्यावर डॉक्टर सही करत नाहीत. दुसऱ्याने सांगितले की परवाना रद्द होतो आणि विम्याचा हप्ता दुप्पट होतो. एका एजंटाने तपासणीशिवाय प्रमाणपत्र आणून देण्याची तयारी दाखवली. या गृहस्थांना खोटा कागद नको होता, ही त्यांच्या स्वभावातली गोष्ट मी अनेक वर्षे पाहत आलो आहे. पण खरा कागद मागितला तर गाडी बंद होईल आणि गाडी बंद झाली तर दुकान कसे चालेल, ही चिंता त्यांना सोडत नव्हती. खोटे करवत नाही आणि खरे सांगण्याचे धैर्य होत नाही, अशा अवस्थेत त्यांनी अर्ज तसाच ठेवला. त्याच कारणाने पहाटेचे दोन प्रसंगही त्यांनी डॉक्टरांना सांगितले नाहीत. ते कोठे तरी लिहिले जातील आणि पुढे परवान्याच्या आड येतील, असे त्यांना वाटले.

त्यांच्या पत्नीने मला विचारले, ‘भाऊ, साखर आहे म्हणून गाडीचा विमा खरंच नाकारतात का हो?’ त्यांना मी जे समजावून सांगितले, तेच येथे लिहितो. खासगी मोटारीच्या हप्त्यात मालकाच्या रक्तातील साखरेचा संबंध येत नाही. तिऱ्हाईत विम्याचा दर सरकार इंजिनाच्या क्षमतेवर ठरवते. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांत १००० ते १५०० सीसीच्या खासगी मोटारीसाठी तो वर्षाला ३,४१६ रुपये आहे आणि मधुमेह असलेल्या व नसलेल्या मालकाला तो सारखाच आहे. गाडीच्या नुकसानीचा हप्ता गाडीचे घोषित मूल्य, वय, इंजिन, नोंदणीचा विभाग आणि नो क्लेम बोनस (आधी दावा न केल्याबद्दलची सवलत) यांवरून काढला जातो. मुंबई-पुणे अ विभागात आणि नाशिक ब विभागात येते, एवढाच येथे गावाचा प्रश्न. मात्र अनेक कंपन्यांच्या प्रस्तावपत्रात चालकाला दृष्टिदोष, श्रवणदोष किंवा काही शारीरिक दुर्बलता आहे का, असा प्रश्न असतो. तो विचारला असेल तर त्याचे उत्तर खरे द्यावे लागते, कारण विम्याचा करार परस्पर विश्वासावर उभा असतो आणि विचारलेली गोष्ट लपवणे हे दावा नाकारण्याचे सबळ कारण ठरते.

कायद्यात मधुमेह कोठे आहे

परवान्याच्या अर्जासोबत फॉर्म १ हे शारीरिक पात्रतेचे स्वयंघोषणापत्र असते. त्यात अपस्मार, किंवा कोणत्याही कारणाने अचानक शुद्ध हरपणे वा भोवळ येणे, असा त्रास आहे का, हे पहिल्याच प्रश्नात विचारले आहे. पुढे २५ मीटरवरून गाडीची नंबरप्लेट वाचता येते का, हातापायांची हालचाल व ताकद, लाल-हिरवा रंग, रातांधळेपणा, ऐकू येणे यांविषयी प्रश्न आहेत आणि शेवटी, लोकांना धोका उत्पन्न होईल असा अन्य कोणता आजार असल्यास त्याचा तपशील मागितला आहे. फॉर्म १-ए मध्ये डॉक्टरांनी साधारण याच गोष्टी तपासून अर्जदार योग्य आहे की नाही, याचे मत द्यायचे असते. दोन्ही फॉर्ममध्ये मधुमेह हा शब्द नाही. इन्सुलिन घेणाऱ्याला परवाना देऊ नये, असेही तेथे कोठे म्हटलेले नाही.

तरीही मधुमेहाचा त्या प्रश्नांशी फार जवळचा संबंध आहे. पहिला प्रश्न हायपोग्लायसेमियाला लागू पडतो. दृष्टीचा आणि रातांधळेपणाचा प्रश्न रेटिनोपॅथी (मधुमेहाने नेत्रपटलाला होणारी इजा) आणि मोतीबिंदूला लागू पडतो. नेत्रपटलावर मोठ्या प्रमाणात लेसर उपचार झालेल्या रुग्णाची रात्रीची आणि बाजूची दृष्टी कमी होऊ शकते. पायांचा प्रश्न न्यूरोपॅथीला (मज्जातंतूंच्या इजेला) लागू पडतो, कारण तळपायाची जाणीव गेलेल्या माणसाला ब्रेकवर पाय किती दाबला आहे, हे नीट कळत नाही. म्हणून ‘मला मधुमेह आहे का’ यापेक्षा ‘माझ्या मधुमेहाने या तीन ठिकाणी काय केले आहे’ हा प्रश्न चालकाने विचारायचा आहे. केवळ मेटफॉर्मिन किंवा ग्लिप्टिन गटातील गोळ्या घेणाऱ्याची साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरण्याची शक्यता फारच कमी असते. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड यांसारख्या सल्फोनिलयुरिया गोळ्या घेणाऱ्याने मात्र हा प्रश्न गांभीर्याने घेतला पाहिजे.

या कायद्याची धारही सांगायला हवी. कलम १६ नुसार आजारामुळे चालक अपात्र झाला आहे असे मानण्यास वाजवी कारण असेल, तर परिवहन अधिकारी वैद्यकीय प्रमाणपत्र मागू शकतो किंवा परवाना रद्द करू शकतो. कलम १८६ नुसार आपल्या वाहन चालवण्याने लोकांना धोका होईल असा आजार आहे, हे ठाऊक असूनही गाडी चालवणे हा गुन्हा आहे. पहिल्या वेळी १,००० आणि पुढे २,००० रुपयांपर्यंत दंड. दंड लहान आहे, पण ‘ठाऊक असूनही’ या शब्दांचे वजन मोठे आहे. पहाटेचे ते दोन प्रसंग येथे महत्त्वाचे ठरतात. कोणी जखमी झाले असते तर साखर उतरण्याची प्रवृत्ती त्यांना आधीच माहीत होती, हे घरातल्याच साक्षीने उघड झाले असते. तेच प्रसंग डॉक्टरांना सांगितले असते तर औषध बदलले गेले असते आणि कागदावर त्याची नोंद राहिली असती. ती नोंद परवान्याच्या आड येईल, असे ज्यांना वाटते त्यांनी हे लक्षात घ्यावे की जबाबदारीने उपचार घेतल्याचा पुरावा म्हणून उद्या उपयोगी पडेल ती हीच नोंद.

नूतनीकरण

अपघातानंतर त्यांच्या फिजिशियनने सर्व काही नव्याने पाहिले. ग्लिमेपिराइड बंद केले, मिश्र इन्सुलिनऐवजी दिवसातून एकदा घ्यायचे दीर्घकाळ काम करणारे इन्सुलिन सुरू केले, रक्तदाबाचे औषध बदलले आणि उपवासाच्या दिवसांसाठी वेगळी मात्रा लिहून दिली. सलग तीन महिने साखर ७० च्या खाली गेली नाही, तरच गाडी चालवण्याविषयी बोलू, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. या काळात त्यांचा मुलगा त्यांना दुकानात सोडत असे. नेत्रतज्ज्ञांना रेटिनोपॅथीची अगदी सुरुवातीची लक्षणे दिसली, पण दृष्टी चष्म्यासह चांगली होती आणि लेसरची गरज नव्हती. पायाच्या तपासणीत बोटांच्या टोकांना जाणीव किंचित कमी, ताकद आणि घोट्याची हालचाल पूर्ण, असे आढळले.

तीन महिन्यांनंतर फिजिशियनने लेटरहेडवर एक पत्र दिले. त्यात अपघाताचा दिवस, त्या दिवशीची साखर, तिचे कारण, बदललेली औषधे, ग्लुकोमीटरच्या नोंदी आणि डोळे व पाय यांचे अहवाल, असे सगळे होते. अपघात झाकलेला नव्हता. त्या पत्राच्या आधारे फॉर्म १-ए वर सही झाली. फॉर्म १ मधील पहिल्या प्रश्नावर आम्ही बराच विचार केला. प्रश्न आजच्या स्थितीविषयी आहे आणि तो त्रास ज्या औषधांमुळे होता ती बंद झाली आहेत, असे डॉक्टरांचे लेखी मत होते. म्हणून तेथे ‘नाही’ लिहून शेवटच्या प्रश्नाखाली मधुमेह, इन्सुलिन आणि झालेला अपघात यांचा तपशील दिला व पत्र जोडले. काही जण म्हणतील की जेवढे विचारले तेवढेच सांगायचे होते. मला ते पटत नाही. उद्या हेच घोषणापत्र न्यायालयात किंवा विमा कंपनीसमोर काढले गेले, तर ज्याने स्वतःहून सगळे सांगितले त्याची बाजू सांभाळता येते.

पेठ रोडवरील प्रादेशिक परिवहन कार्यालयात अधिकाऱ्यांनी पत्र वाचले, औषधांविषयी आणि अपघाताविषयी काही प्रश्न विचारले आणि नूतनीकरण मंजूर केले. मुदत संपून एक वर्ष झाले नसल्याने वाहन चालवण्याची चाचणी द्यावी लागली नाही. अर्ज नाकारला गेला असता, तर कारणे लेखी मिळाली असती आणि ३० दिवसांत अपील करण्याचा हक्क कलम १७ खाली होता. त्याचीही तयारी आम्ही ठेवली होती.

नव्या कायद्यानुसार ५० ते ५५ या वयात नूतनीकरण झालेला परवाना वयाच्या साठाव्या वर्षापर्यंत चालतो. म्हणजे या गृहस्थांना आता नऊ वर्षांहून अधिक काळ परिवहन कार्यालय काहीही विचारणार नाही. ब्रिटनमध्ये इन्सुलिन घेणाऱ्या चालकाला परवाना खात्याला कळवावेच लागते आणि त्याचा परवाना जास्तीत जास्त तीन वर्षांचा असतो. आपल्याकडे तशी सक्ती नाही, याचा कोणी आनंद मानू नये. नऊ वर्षांत नेत्रपटल कितीतरी बदलू शकते. म्हणून डोळ्यांची आणि पायांची तपासणी दरवर्षी करून तिचे अहवाल परवान्याच्या प्रतीसोबत एकाच फाइलमध्ये ठेवायचे, असे त्यांनी ठरवले आहे.

गाडी चालवण्याविषयी डॉक्टरांनी जे नियम घालून दिले, ते बरेचसे ब्रिटनमधील चालकांसाठीच्या मार्गदर्शनाशी जुळतात. स्टिअरिंगवर बसण्यापूर्वी साखर मोजायची. ९० च्या खाली असेल तर आधी काही खायचे, ७० च्या खाली असेल तर गाडी चालवायचीच नाही. लांबच्या प्रवासात दर दोन तासांनी मोजायचे. वाटेत लक्षणे जाणवली तर सुरक्षित जागी थांबून इंजिन बंद करायचे, चालकाच्या जागेवरून उठायचे, १५ ग्रॅम ग्लुकोज घ्यायचे, १५ मिनिटांनी पुन्हा मोजायचे आणि साखर पूर्ववत झाल्यानंतरही पाऊण तास थांबायचे, कारण रक्तातील साखर वर आली तरी मेंदूची तरतरी परत यायला त्याहून वेळ लागतो. कसारा घाटात हवे तेव्हा थांबता येत नाही, म्हणून मुंबईला जाताना इगतपुरी किंवा घोटीलाच साखर मोजायची. ग्लुकोजची पूड गाडीत कायम ठेवायची, पण इन्सुलिन आणि ग्लुकोमीटरच्या पट्ट्या एप्रिल-मेच्या उन्हात बंद गाडीत ठेवायच्या नाहीत. त्या उष्णतेने दोन्ही खराब होतात आणि मग मोजलेला आकडाही विश्वासार्ह राहत नाही. एकादशीला आणि चतुर्थीला गाडी मुलाने चालवायची, हा नियम त्यांच्या पत्नीने घातला आणि तो पाळला जातो.

पुढच्या वर्षी पॉलिसीचे नूतनीकरण करताना नवे प्रस्तावपत्र भरले. त्यातील शारीरिक दुर्बलतेच्या प्रश्नासमोर मधुमेह आणि इन्सुलिन लिहिले व डॉक्टरांच्या पत्राची प्रत जोडली. कंपनीने त्यावर कोणताही जादा हप्ता लावला नाही. सक्तीच्या वैयक्तिक अपघात संरक्षणातील त्या अपवादाविषयी कंपनीकडे लेखी विचारणा केली आणि तिच्यावर मिळालेली पोच फाइलमध्ये लावली. शिवाय मधुमेह उघड करून एक स्वतंत्र वैयक्तिक अपघात पॉलिसी घेतली. तिचा हप्ता थोडा अधिक आहे, पण तिच्या अपवादांची यादी सही करण्यापूर्वी पती-पत्नी दोघांनी माझ्यासमोर बसून ओळ न ओळ वाचली.